डबल मार्कर ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’, रिस्क १:१८०. याचा नेमका अर्थ काय?

प्राजक्ती_नाशिक
मंगळवार, रात्री ११.५२

लिहू की नको करत शेवटी लिहितेय. वय २९, पहिलीच वेळ. शुक्रवारी एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) झाला आणि त्याच दिवशी डबल मार्करसाठी रक्त दिलं. स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांनी सगळं व्यवस्थित आहे म्हणून सांगितलं होतं. बाळाने एक हात डोळ्यांवर घेतला होता, आम्ही दोघं दोन दिवस त्यावरच बोलत होतो.

आज संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली आणि लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. दुसऱ्या पानावर लाल चौकट. आत ‘डाऊन सिंड्रोम : स्क्रीन पॉझिटिव्ह, रिस्क १:१८०, कटऑफ १:२५०’. खाली आलेख, त्यात माझा ठिपका लाल रेघेच्या वर. भाजी करपली तरी मी तशीच उभी होते.

आमच्या डॉक्टर गुरुवारी भेटतील. सासूबाई म्हणतात आपल्या घराण्यात असं कुणी नाही, रिपोर्टच चुकलाय. आई फोनवर म्हणाली, लगेच पोटातलं पाणी काढून तपासून घे. नवरा काहीच बोलत नाहीये.

रिपोर्टवरचे आकडे असे : रक्तातली दोन द्रव्यं, पॅप-ए ०.४१ एमओएम, फ्री बीटा एचसीजी २.१० एमओएम, वयानुसार रिस्क १:७१०, गर्भाचं वय १३ आठवडे १ दिवस. सोनोग्राफीच्या कागदावर एनटी १.३ मिमी, सीआरएल (बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) ५७ मिमी, नेझल बोन दिसतंय असं लिहिलंय.

पॉझिटिव्ह म्हणजे आहेच का?


कोयनाकाठ
बुधवार, सकाळी ६.१०

प्राजक्ती, नाही. पॉझिटिव्ह म्हणजे ‘आहे’ असं नाही.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवतो. आकडा तेवढा वाचून दाखवतो. १:१८० म्हणजे हुबेहूब तुझ्यासारखा रिपोर्ट असलेल्या १८० जणी एका हॉलमध्ये बसवल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. टक्क्यांत सांगायचं तर अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. तुझ्या वयामुळे मुळात ७१० जणींत एक अशी शक्यता होती, रक्ताच्या आकड्यांनी ती १८० जणींत एक झाली. म्हणजे जवळपास चौपट वाढली, हे खरं. पण चौपट होऊनही १७९ विरुद्ध १ आहे, हेही तितकंच खरं.

आणखी एक. हा आकडा उलटा वाचायचा असतो. दुसरी संख्या जितकी मोठी, तितका धोका कमी. माझ्या बहिणीच्या वेळी १:९८०० आलं होतं आणि घरातले ‘नऊ हजार’ बघून रडायला लागले होते.


पारिजात_स्त्रीरोग
बुधवार, सकाळी ८.३५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे रिपोर्ट वाचून उपचार सांगता येत नाहीत, ते तुझ्या डॉक्टरच सांगतील. पण गुरुवारपर्यंत तू अंधारात बसू नयेस म्हणून लिहिते.

डबल मार्कर ही चाळणी आहे. चाळणीचं काम निवाडा करणं नाही. कुणाला पुढची तपासणी विचारायची आणि कुणाला नाही, एवढंच ती सांगते. एनटी आणि डबल मार्कर एकत्र धरले, तर डाऊन सिंड्रोम असलेल्या दर १०० बाळांपैकी साधारण ८५ जणांच्या वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. त्यासाठी किंमत अशी मोजावी लागते की निरोगी बाळ असलेल्या दर १०० जणींपैकी सुमारे ५ जणींनाही पॉझिटिव्ह येतो.

हिशोब करून बघ. १०,००० गर्भवती घेतल्या. त्यांत डाऊन सिंड्रोमची बाळं साधारण १४. चाळणीत त्यांतली १२ सापडतील. उरलेल्या ९,९८६ जणींच्या पाच टक्के म्हणजे जवळजवळ ५०० जणींनाही लाल चौकट मिळेल. म्हणजे लाल चौकट मिळालेल्या पाचशेबारा जणींत खरी बाळं बारा. माझ्या टेबलासमोर ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट घेऊन रडत बसलेल्या बहुतेक सगळ्या मुलींना पुढे अगदी निरोगी बाळं होतात, त्याचं कारण हे गणित आहे.

आणि त्याच हिशोबातली दुसरी बाजू. १४ पैकी २ बाळं चाळणीतून निसटली. त्यांच्या आयांना हिरवा रिपोर्ट मिळालेला असतो. ‘लो रिस्क’ म्हणजे ‘नाही’ असं कुणी सांगत असेल तर तेही चूक.

पोटातलं पाणी काढणं, म्हणजे अ‍ॅम्निओसेंटेसिस, हे निदान असतं, पण ते १५ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. तुझ्या आईंना सांग, आज-उद्या करण्याची ती गोष्टच नाही. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा तुकडा घेऊन सीव्हीएस करता येतं, पण तुझ्या आकड्यांवर कुणी त्याची घाई करेल असं वाटत नाही.

सासूबाईंच्या मुद्द्याबद्दल. डाऊन सिंड्रोम बहुतांश वेळा घराण्यातून येत नाही. साधारण ९५ टक्के वेळा बीज तयार होताना २१ व्या गुणसूत्राची जोडी सुटी होत नाही, त्यामुळे बाळाला दोनऐवजी तीन मिळतात. हे कुणाच्याही घरी होतं. आईने काय खाल्लं, कुठे गेली, ग्रहण पाहिलं का, याचा काडीचा संबंध नाही. तीन-चार टक्के वेळा मात्र २१ वं गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं, त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. ते कधीकधी आईकडून किंवा बाबांकडून आलेलं असतं. आधीच्या बाळाला तसं असेल तर आईबाबांचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करतात.


लॅबमधली
बुधवार, दुपारी १.२०

मी एका लॅबमध्ये मार्कर टेस्टचे रिपोर्ट बघते. पारिजात मॅडमनी सगळं सांगितलं आहेच, पण मला तुझ्या आकड्यांत एक गोष्ट खटकतेय.

रिपोर्टवर गर्भाचं वय १३ आठवडे १ दिवस आहे म्हणतेस. पण ५७ मिमी सीआरएल असलेलं बाळ साधारण १२ आठवडे २ दिवसांचं असतं. सहा दिवसांचा फरक आहे. तुझी पाळी उशिरा येते का? रिपोर्टमध्ये पाळीची तारीख धरली आहे की स्कॅन, ते बघ. ‘डेटिंग मेथड’ किंवा ‘जीए कॅल्क्युलेशन’ अशी बारीक ओळ असते.

हे मी का विचारतेय ते सांगते. एमओएम म्हणजे तुझ्याइतकेच दिवस भरलेल्या बायकांचं जे मधलं मूल्य, त्याच्या किती पट तुझं आहे. १ म्हणजे बरोबर मधोमध. डाऊन सिंड्रोममध्ये पॅप-ए कमी आणि फ्री बीटा एचसीजी जास्त असतं. आता गंमत अशी की या आठवड्यांत पॅप-ए रोज चढत असतं आणि बीटा रोज उतरत असतं. बाळ १२ आठवडे २ दिवसांचं असताना त्याला १३ आठवडे १ दिवसाचं धरलं, की तुझं पॅप-ए उगीचच कमी दिसतं आणि बीटा उगीचच जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात आणि रिस्क फुगते.

दुसरं म्हणजे, १:१८० च्या शेजारी ‘बायोकेमिकल रिस्क’ लिहिलंय की ‘कम्बाइन्ड रिस्क’? नुसती बायोकेमिकल असेल तर त्यात तुझा एनटी धरलेलाच नाही.

या खात्यात काम करते म्हणून पोटतिडकीने लिहितेय. रक्त घेताना जो फॉर्म भरतात त्यावर वजन, जन्मतारीख, पाळीची तारीख, सीआरएल, एनटी, जुळं आहे का, मधुमेह आहे का, आयव्हीएफ आहे का, बीज कितव्या वर्षी घेतलं, हे सगळं असतं. सकाळी कलेक्शनला रांग लागलेली असते, नवखा मुलगा काउंटरवर असतो. वजनाचा रकाना रिकामा दिसला की अंदाजे ६० लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सॉफ्टवेअर त्याला दिलेल्या माहितीवर गणित करतं, त्याला समोरची बाई दिसत नाही. रक्त द्यायला जाताना सोनोग्राफीचा कागद बरोबर न्या आणि फॉर्म स्वतः वाचून मगच सही करा. हे मी माझ्या भावजयीलाही सांगितलं आणि इथेही सांगते.


प्राजक्ती_नाशिक
बुधवार, दुपारी १.५८

ताई, ‘जीए बाय एलएमपी’ लिहिलंय, म्हणजे पाळीची तारीखच धरली आहे. आणि ‘बायोकेमिकल’ लिहिलंय. माझी पाळी पस्तीस-छत्तीस दिवसांनी येते. फॉर्मवर सीआरएलचा रकाना होता की नाही ते आठवत नाही, मी न वाचता सही केली. हात थरथरताहेत.


लॅबमधली
बुधवार, दुपारी २.०५

पुन्हा रक्त द्यायची गरज नाही. तेच नमुने, तेच आकडे, फक्त वय स्कॅनवरून धरून आणि एनटी घालून नव्याने गणित करायचं. डॉक्टरांनी लेखी कळवलं की लॅबला सुधारित रिपोर्ट द्यावा लागतो. नवा आकडा कमीच येईल असं मी म्हणत नाही. पण जो येईल तो तुझा असेल.


रेडिंगकर
बुधवार, संध्याकाळी ७.४०

मी इंग्लंडमध्ये असते, दोन वर्षांपूर्वी मुलगा झाला. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, कटऑफ १:१५० आहे. म्हणजे प्राजक्तीचा १:१८० हा आकडा इथे ‘लोअर चान्स’ म्हणून पत्राने घरी आला असता. तोच आकडा नाशिकला लाल चौकटीत आणि इथे साध्या पत्रात. मला हे वाचून कसंतरीच झालं म्हणून लिहिलं.

आणखी एक फरक म्हणजे इथे ‘रिस्क’ शब्द वापरत नाहीत, ‘चान्स’ म्हणतात. सुरुवातीला मला ते शब्दांचे खेळ वाटले होते. नंतर मिडवाइफसमोर बसून ‘तुमचा चान्स अमुक आहे, पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, काहीच नको असेल तर तेही चालेल’ हे ऐकलं आणि फरक कळला. माझा १:९० होता. २०२१ पासून अशा बायकांना एनआयपीटी (आईच्या रक्तातून करायची पुढची चाळणी) सरकारी खर्चाने मिळते. माझी ती नॉर्मल आली.


पारिजात_स्त्रीरोग
बुधवार, रात्री ९.१५

रेडिंगकर यांनी फार नेमकं लिहिलं. कटऑफ ही निसर्गाने आखलेली रेघ नाही. किती जणींना पुढची तपासणी देणं परवडतं आणि किती बाळं निसटलेली चालतील, याचा तो ठराव आहे. आपल्याकडे बऱ्याच लॅब १:२५० धरतात. १:२४८ वाली रडते आणि १:२५२ वाली पेढे वाटते, पण दोघींची शक्यता जवळजवळ एकच आहे. म्हणून आता १:२५१ ते १:१००० यांना मधला गट धरून त्यांच्याशीही बोलतात.


गोदातीर
गुरुवार, सकाळी ७.३०

धागा माझा नाही, पण विचारते. माझं लग्न मामेभावाशी झालंय. ११ आठवडे झाले. नात्यातलं लग्न म्हणून डाऊन सिंड्रोमचा धोका जास्त असतो का?


पारिजात_स्त्रीरोग
गुरुवार, सकाळी ९.००

गोदातीर, डाऊन सिंड्रोमसाठी नाही. नात्यातल्या लग्नाने वेगळे आजार वाढतात, ज्यांत आई आणि बाबा दोघांकडून बिघडलेला एकेक जनुक यावा लागतो. थॅलेसेमिया त्यांतला एक. तुझी थॅलेसेमियासाठीची एचबीए-२ तपासणी झाली नसेल तर या आठवड्यातच करून घे. तुझी पॉझिटिव्ह आली तर मिस्टरांचीही करावी लागेल. एनटीसाठी ११ ते १३ आठवडे ६ दिवस एवढीच खिडकी असते, तीही चुकवू नकोस.


प्राजक्ती_नाशिक
गुरुवार, रात्री १०.३०

सगळ्यांना सांगायला बसले आहे.

डॉक्टरांनी माझ्यासमोर लॅबला फोन लावला. पलीकडून आधी ‘रिपोर्ट रिलीज झाला आहे, आता बदलता येणार नाही’ असं उत्तर आलं. डॉक्टरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी सीआरएल आणि एनटी लेखी पाठवलं आणि संध्याकाळी सुधारित रिपोर्ट आला. वय १२ आठवडे २ दिवस, पॅप-ए ०.६०, बीटा १.७८, कम्बाइन्ड रिस्क १:६९०.

लाल चौकट गेली. पण मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. ६९० म्हणजे मधला गट. डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले : काही न करता १८-१९ आठवड्यांचा अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाचे सगळे अवयव बघणारी सोनोग्राफी) नीट करायचा, किंवा एनआयपीटी, किंवा थेट अ‍ॅम्नियो. आणि मग म्हणाल्या, ‘घरी जाऊन दोघांनी एका प्रश्नावर बोला. उत्तर कळलं तर तुम्ही काय करणार आहात?’

आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, जाऊन बसलो. तीन दिवसांत नवरा पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, ‘मला कळून घ्यायचंय. काही करण्यासाठी नाही, तयारीसाठी.’ मला अजून माझं उत्तर माहीत नाही.


निशिगंध_३८
शुक्रवार, पहाटे १.१५

प्राजक्ती, माझी गोष्ट वेगळी झाली. तुला घाबरवायला लिहीत नाही.

मी ३८ ची. डबल मार्कर १:३५. आम्ही आधी एनआयपीटी केली. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, त्यांवरून ते मोजतात. १० आठवड्यांनंतर कधीही होते, सुईची टोच आईच्या हाताला, बाळाला काही धोका नाही. आठवड्याने ‘हाय रिस्क’ आली. मला तेव्हाच सगळं संपल्यासारखं झालं होतं, पण आमच्या जेनेटिक काउन्सेलरनी ठामपणे सांगितलं की एनआयपीटीवर कोणताही निर्णय घ्यायचा नाही. ते डीएनए वारेचे असतात, क्वचित वारेत दोष असतो आणि बाळात नसतो.

१६ व्या आठवड्यात अ‍ॅम्नियो केली. टेबलावर सोनोग्राफी चालू ठेवून सुई कुठे जाते ते बघत बघत घेतात. पाळीत दुखतं तसं दुखलं, मिनिटभर. पाणी फिकट पिवळं होतं, दोन सिरिंज. माझा रक्तगट निगेटिव्ह, म्हणून लगेच अँटी-डीचं इंजेक्शन दिलं. गर्भपाताची भीती सगळ्यांनी घातली होती. अनुभवी हातात ती शक्यता दोनशेत एकापेक्षा कमी असते असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन दिवसांत फिशचा (ठरावीक गुणसूत्रांच्या झटपट तपासणीचा) रिपोर्ट आला, पूर्ण कॅरिओटाइप दोन आठवड्यांनी. दोन्हीत ट्रायसोमी २१, म्हणजे डाऊन सिंड्रोम.

आम्ही गर्भारपण तिथेच थांबवायचं ठरवलं. १९ वा आठवडा होता. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा कारणासाठी २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं, त्यापुढे मेडिकल बोर्ड. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी रात्ररात्र दिवस मोजत बसायचे. म्हणून इथे लिहून ठेवते, कुणाला तरी झोप लागेल.

चार वर्षं झाली. निर्णय आमचा होता आणि दुःखही आमचंच आहे.


ओवीचा_बाबा
शुक्रवार, सकाळी ६.४५

निशिगंध ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे आणि तुमच्या निर्णयाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आमची ओवी नऊ वर्षांची. तिला डाऊन सिंड्रोम आहे. बायको तेव्हा २७ ची, डबल मार्कर १:१४५०, हिरव्या रंगात. पारिजात मॅडमच्या हिशोबातली ती निसटलेली दोन, त्यांतली एक आमची. तरुण आयांमध्ये शक्यता कमी असते, पण बाळंतपणं त्यांचीच जास्त, त्यामुळे अशी बरीचशी मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात. हे मला ती झाल्यावर कळलं.

जन्मली तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी तळहातावरची एकच आडवी रेघ दाखवली. मी कितीतरी वेळ तिचा हात उघडून बघत होतो. हृदयाच्या मधल्या पडद्यात मोठं छिद्र होतं, पाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात काही ना काही असतं, म्हणून जन्मल्यावर टूडी इको करावाच लागतो. अंग सैल होतं, फिजिओथेरपी लवकर सुरू केली, २६ व्या महिन्यात चालली. थायरॉइड दर वर्षी तपासतो. बोलणं अजून घरच्यांनाच नीट कळतं. कठीण गेलं, पैसा गेला, बायकोने नोकरी सोडली. हे सगळं खरं आहे आणि कुणी त्यावर साखर लावू नये.

आता सकाळी दाराबाहेरची दुधाची पिशवी आत आणणं हे ओवीचं काम आहे. दोन्ही हातांनी छातीशी धरून आणते, ओट्यावर ठेवते, आणि पिशवीचं गार पाणी फ्रॉकला लागलेलं मला दाखवते. रोज दाखवते. मी अजून गेलो नाही तर हाक मारते, म्हणून एवढंच लिहितो.

(नंतर भर घालतो आहे.) ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी : जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करणारं केंद्र) थेरपी मोफत मिळते. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा. नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. आम्हाला तीन वर्षं कुणी हे सांगितलंच नव्हतं.


प्राजक्ती_नाशिक
शुक्रवार, रात्री ११.०५

दोघांचंही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मधे थांबावं लागलं.

आम्ही एनआयपीटी करायचं ठरवलंय. साडेचौदा हजार सांगितलेत. सोमवारी रक्त देणार. फॉर्म मी स्वतः वाचणार.


पारिजात_स्त्रीरोग
शनिवार, सकाळी १०.२०

चांगलं. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. एक, कधीकधी ‘फीटल फ्रॅक्शन कमी’ (रक्तात वारेच्या डीएनएचा वाटा अपुरा) म्हणून निकाल येत नाही आणि पुन्हा रक्त मागतात. वजन जास्त असलेल्यांत हे जास्त होतं. आला तर घाबरून न जाता डॉक्टरांशी बोल. दोन, रिपोर्टमध्ये मुलगा की मुलगी हे नसतं, ते सांगणं पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. घरातून कुणी ‘एवढे पैसे भरलेत तर तेही विचार’ म्हणालं तर स्पष्ट नाही म्हण.

आणि निशिगंध यांनी लिहिलेलं सगळ्यांनी नीट वाचा. एनआयपीटी डाऊन सिंड्रोम असलेल्या १०० पैकी ९९ बाळांना पकडते, चुकीचं पॉझिटिव्ह हजारात एखादंच. तरीही ज्या बायकांची मूळ शक्यताच हजारात एक आहे, अशा १०,००० जणींत खरी बाळं १० आणि चुकीचे पॉझिटिव्हही १०. म्हणजे तिथे पॉझिटिव्ह रिपोर्टची किंमत निम्मी. ३८-४० च्या बाईत तोच रिपोर्ट बहुतेक वेळा खरा निघतो. रिपोर्ट एकच, पण तो कुणाच्या हातात आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो. दोघींनाही अ‍ॅम्नियोने खात्री करावीच लागते.


प्राजक्ती_नाशिक
दहा दिवसांनी, दुपारी ४.१२

लो रिस्क. तिन्ही गुणसूत्रं. १३, १८, २१.

सासूबाईंनी कालिकेला नारळ वाढवला. नंतर माझ्याजवळ बसून म्हणाल्या, ‘मी घराणं घराणं करत होते, तुला लागलं असेल.’


प्राजक्ती_नाशिक
पाच आठवड्यांनी, रात्री ९.४०

पुन्हा मीच. आज अ‍ॅनोमली स्कॅन झाला, १९ आठवडे. सगळं नॉर्मल, पण ‘एकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस, लेफ्ट व्हेंट्रिकल’ लिहिलंय. नेटवर बघितलं तर डाऊन सिंड्रोमचा सॉफ्ट मार्कर. छातीत पुन्हा तसंच धस्स झालं.


पारिजात_स्त्रीरोग
त्याच रात्री, १०.०५

हृदयाच्या आतल्या स्नायूत चुन्याचा बारीक ठिपका पांढरा चमकतो, तो हा. निरोगी बाळांतही बऱ्याचदा दिसतो आणि हृदयाच्या कामाशी त्याचा संबंध नसतो. एनआयपीटी लो रिस्क असताना एकट्या या ठिपक्याने तुझी शक्यता फारशी हलत नाही. बाकीचं हृदय, नाकाचं हाड, मानेमागची त्वचा, मूत्रपिंडं नॉर्मल लिहिलीत ना? मग झोप.


प्राजक्ती_नाशिक
त्याच रात्री, १०.११

सगळं नॉर्मल लिहिलंय. झोपते.


सायलीची_सावली
दोन आठवड्यांनी, रात्री १२.३०

धागा वरपर्यंत वाचला. माझं वय ३७, आयव्हीएफ, फ्रोझन एम्ब्रियो. आजच डबल मार्कर आला, १:९५. मिस्टर बोटीवर आहेत, सहा महिने येणार नाहीत. कुणी जागं आहे का?


प्राजक्ती_नाशिक
त्याच रात्री, १२.३४

मी जागी आहे. दुसरं पान उघड. आधी सांग, एम्ब्रियो केलं तेव्हा बीज तुझं होतं का, आणि तेव्हा तुझं वय काय होतं? रिपोर्टवर तेच वय धरलंय की आजचं ३७? मग सीआरएल सांग.